पप्पांचा अनवाणी नवस

मी आठ वर्षांची असताना, गणपती उठले त्या आठवड्यात माझे पाय गेले. आमच्या घरात तेव्हा हाच शब्द वापरायचे, 'गेले'. आधी चार दिवस साधा ताप होता. तो उतरला, आणि शनिवारी सकाळी शाळेसाठी उठले तर पाय जमिनीवर टेकले खरे, पण ते माझं ऐकेनात. मी पलंगाशेजारीच खाली बसले. आईला वाटलं, शाळा बुडवायची म्हणून ढोंग करतेय. तिनं हाताला धरून उभं केलं, मी पुन्हा खाली बसले. मग तिनं माझ्या पिंढरीला चिमटा काढला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मला तो चिमटा कळला होता, पण लांबून कुणीतरी काढल्यासारखा.

आम्ही कासारवाडीत राहायचो, रेल्वे लाइनच्या बाजूला, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. पुढे सामायिक अंगण होतं आणि अंगणाच्या तोंडाशी एका चाचांचं दुचाकीचं गॅरेज. पप्पा चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये होते. पत्र्यातून गाडीचे भाग ठोकून काढणारे मोठे साचे असतात, ते मशीनवर बसवायचं काम त्यांचं. साचा केसभर इकडेतिकडे झाला तर सगळा माल वाया जातो, आणि पप्पांनी बसवलेला साचा पुन्हा तपासावा लागत नाही, असं त्यांच्याबरोबरचे लोक घरी आले की सांगायचे. पप्पा मूळचे खेडकडचे. इतकी वर्षं शहरात काढूनही त्यांच्या तोंडातलं 'न्हाई' आणि 'हाय' कधी गेलं नाही. आई पिंपरीत वाढलेली, बालवाडीत शिकवायची, शुद्ध बोलायची. दोघांचं बोलणं ऐकताना पाहुण्यांना गंमत वाटे.

दवाखान्यात तीन आठवडे काढले. तिथल्या डॉक्टरांनी आईला समजावलं की तापाशी लढता लढता शरीरच चुकून आपल्या नसांवर उलटलंय. बहुतेक मुलं यातून उठतात, पण किती दिवसांत आणि कितपत, हे आज सांगता येणार नाही. आईनं हे सगळं वहीत लिहून घेतलं. पप्पा शेजारी उभे होते. दुसऱ्या दिवशी ते भेटायला आले तेव्हा खोलीच्या दारात चपला काढलेल्या दिसल्या नाहीत, म्हणून आईनं विचारलं, चपला कुठे ठेवल्या. पप्पा म्हणाले, घरी.

मग हळूहळू सगळं कळलं. आदल्या दिवशी दवाखान्यातून निघून ते घरी न येता गावाकडे गेले होते. आमचं कुलदैवत खंडोबा, निमगावच्या टेकडीवरचा. तिथे पायथ्याशी उभं राहून ते बोलून आले होते, की माझी पोरगी तिच्या पायानं ह्या पायऱ्या चढून तुझ्या दारात येईल, तवर मी पायात काही घालणार न्हाई.

आईचा देवावर राग नव्हता, पण नवसावर विश्वासही नव्हता. ती एवढंच म्हणाली, "तुमचा नवस तुमच्या पायांचा. मला तिच्या पायांचं बघू द्या."

खरी अडचण घरी नव्हतीच, कंपनीत होती. प्रेस शॉपमध्ये सेफ्टी शूजशिवाय पाऊल ठेवता येत नाही. पुढे लोखंडाची टोपी असलेले जड बूट असतात ते, पायावर काही पडलं तर बोटं वाचावीत म्हणून. पप्पा सोमवारी अनवाणी कंपनीच्या बसमध्ये चढले आणि चाकणला गेटवरच अडवले गेले. सेफ्टीचे साहेब भले होते. त्यांनी आत बसवून चहा दिला आणि सांगितलं की आत असाल तेवढे आठ तास बूट घाला, गेटबाहेर पडलात की काढा, देवाला सगळं समजतं. पप्पांनी नकारार्थी मान हलवली. साहेब म्हणाले, मग देवालाच सांगा, कंपनीचा नियम आहे म्हणून.

"देवाला आधी सांगितलंय, सायेब," पप्पा म्हणाले. "कंपनीला आत्ता सांगतोय."

हे मला पुष्कळ वर्षांनी त्यांच्याच एका सोबत्याकडून कळलं. पप्पा स्वतः असली वाक्यं घरी सांगत नसत. चार दिवस ते रजेवर घरी बसले. साहेबांनीच मग मधला मार्ग काढला. कंपनीच्या पुढच्या बाजूला हिरवळ आणि बाग होती, तिथे बुटांचा नियम नव्हता. प्रेस शॉपमधला सगळ्यात भरवशाचा माणूस बागेत पाणी घालायला तयार असेल तर त्यांची हरकत नव्हती. ओव्हरटाइम मिळणार नव्हता आणि पुढच्या वर्षी व्हायची बढतीही मिळणार नव्हती. पप्पा त्याच दुपारी नळी हातात घेऊन उभे राहिले.

लोक चेष्टा करायचे. बसमध्ये त्यांना 'माळी राव' म्हणायला लागले. पप्पा हसून सोडून द्यायचे. फक्त एकदा आईला म्हणाले की शेडमधून प्रेसचा धप्प धप्प आवाज येतो, आणि साचा नीट बसलेला नसला तर तो बाहेर बागेतही कळतो. तेवढं बोलून जेवायला बसले.

घरी माझी दुसरीच शाळा सुरू झाली होती. दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या ताईंनी आईला व्यायाम शिकवले होते. सकाळी बालवाडीला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर, आई माझे पाय एकेक करून उचलायची, वाकवायची, धरून ठेवायची आणि आकडे मोजायची. पंधराला मी रडायला लागायचे आणि ती वीसपर्यंत मोजायची. तिचा आवाज बालवाडीतल्यासारखाच राहायचा, एकदोनतीनचारचं गाणं म्हणावं तसा. त्या आवाजाचा मला तेव्हा राग यायचा. आता कधी एकटी असले की तोच आवाज आठवतो आणि बरं वाटतं.

दिवाळीच्या सुमाराला मी धरून उभी राहायला लागले. ताईंनी सांगितलं होतं की दोन्ही हातांनी धरून चालायला घरीच दांड्या करून घ्या. आईनं चाचांना विचारलं. चाचांनी माझ्या कमरेपासून जमिनीपर्यंत दोरीनं माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद ठेवून आमच्या अंगणात दोन समांतर पाइप उभे केले, खाली सिमेंट भरून पक्के. वेल्डिंगच्या कडा त्यांनी कानशीनं घासून घासून गुळगुळीत केल्या आणि प्रत्येक जागेवर स्वतःचा तळहात फिरवून पाहिला. मग मला म्हणाले, "बेटा, आता पळ काढू नकोस म्हणजे झालं." मला एक पाऊलही टाकता येत नव्हतं, त्यामुळे मी पुष्कळ दिवसांनी हसले. आई पैशाचं विचारायला गेली तर त्यांनी तो विषय काढू दिला नाही. म्हणाले, भाऊ पायात काही घालत नाहीत, मी दोन पाइपसुद्धा लावायचे नाहीत का.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंगणात ऊन तिरपं व्हायचं, लोणावळ्याची लोकल जायची आणि मी त्या दांड्यांमधून चालायचे. एका टोकाला आई. थोड्या वेळानं नाशिक फाट्यावर बस सोडून पप्पा चालत यायचे. तेव्हा तिथला दुमजली पूल व्हायचा होता, सगळीकडे खडी आणि धूळ असायची. ते आधी नळावर पाय धुवायचे आणि मग दुसऱ्या टोकाला येऊन उभे राहायचे. मला बोलवायचे नाहीत, हात पुढे करायचे नाहीत. नुसते उभे. मी चालत त्यांच्यापर्यंत पोचले की म्हणायचे, "आज एक फेरी जास्त झाली." त्यांना कसं कळायचं कुणास ठाऊक. बहुधा आईकडून.

जेवणं झाली की आई आधी माझ्या पायांना तेल लावायची आणि मग, काही न बोलता, कोकमाचं तेल वाटीत गरम करून पप्पांच्या भेगांत भरायची. ज्या नवसावर तिचा विश्वास नव्हता त्याची मलमपट्टी ती रोज करायची. एक पाय तिच्या मांडीवर माझा, एक त्यांचा, असं आमचं बसणं मला त्या वर्षातलं सगळ्यात जास्त आठवतं.

माघ संपत आला तेव्हा मी दांड्या सोडून अंगणात चालायला लागले होते, थोडी झुलत. पप्पांना वाटलं, वेळ झाली. एका रविवारी आम्ही तिघं निमगावला गेलो. पायथ्याशी त्यांनी नारळ आणि भंडारा घेतला, कपाळाला पिवळा टिळा लावला आणि मला म्हणाले, चल बाय, सावकाश. त्या दिवशी मी किती पायऱ्या चढले मला माहीत नाही. सपाट अंगणात चालणं वेगळं आणि पायरी वेगळी. प्रत्येक पायरीला शरीर उचलायचं असतं, हे मला तिथे कळलं. निम्म्याच्या आसपास माझे गुडघे थरथरायला लागले. बसले, उठले, दोन पायऱ्या चढले, पुन्हा बसले. तिसऱ्यांदा उठताना तोल गेला आणि आईनं धरलं म्हणून वाचले.

आई म्हणाली, उचलून घ्या तिला आणि न्या वर. देव काय पायऱ्या मोजत बसलाय?

पप्पा वर देवळाकडे बघत उभे होते. म्हणाले, "तिच्या पायानं म्हणालो होतो."

त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि ते खाली उतरायला लागले. त्यांनी आईला सांगितलं, तू जाऊन नारळ वाढवून ये. पण ती गेली नाही. जाऊ तेव्हा तिघं जाऊ, म्हणाली. पायथ्याच्या झाडाखाली आम्ही भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. मी रडत होते. पप्पांना वाटलं पाय दुखतायत, म्हणून ते दाबत बसले. पाय दुखत नव्हते. मला त्यांचे तळवे दिसत होते. काळे, फाटलेले, एका अंगठ्याला बागेतला काटा मोडून पिकलेला. आणि ते सगळं माझ्यामुळे होतं, मी आणखी थोड्या पायऱ्या चढले असते तर आजच संपलं असतं.

घरी आल्यावर मी जेवेना. दुसऱ्या दिवशी दांड्यांपाशीही जाईना. आईनं खोदून विचारल्यावर मी सांगून टाकलं की मी चालले नाही तर पप्पांना मरेपर्यंत असंच फिरावं लागेल. आई उठली. आमच्या घरात मोठ्यानं भांडण कधी होत नसे, त्या संध्याकाळीही झालं नाही. पण पप्पा पाय धुऊन आत आले तेव्हा ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचा नवस पोरीच्या डोक्यावर बसलाय. तो आधी तिथून उतरवा."

पप्पा माझ्याजवळ येऊन खाली बसले. मांडी घालायची सोडून ते उकिडवे बसले, गावाकडे म्हातारी माणसं पोरांशी बोलताना बसतात तसे. त्यांना फार बोलायची सवय नव्हती. शब्द शोधत शोधत म्हणाले, "हे बघ बाय. बोललोय मी. ते माझं आन देवाचं हाय. तुला त्यात काय करायचं न्हाई. तू न्हाई चाललीस तरी देव तुझ्यावर रागवायचा न्हाई. आन मी तर न्हाईच न्हाई."

मी विचारलं, मग तुमच्या पायांचं काय.

"चालायची सवय झालीय त्यास्नी," ते म्हणाले. "आता बुटात जीव गुदमरंल."

हे खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मला आठव्या वर्षीही कळलं. पण माझ्या छातीवरचं काहीतरी सुटलं. त्या रात्री मी जेवले.

पायरीचा सराव ही आईची कल्पना. आमच्या घरापासून कासारवाडी स्टेशन चालत पाच मिनिटांवर. सकाळची ऑफिसची गर्दी ओसरली की स्टेशनचा पूल मोकळा असायचा. आईनं बालवाडीतून दीड तासाची सवलत मागून घेतली आणि आम्ही रोज त्या पुलावर जायला लागलो. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं आईचा पदर. पहिल्या आठवड्यात पाच पायऱ्या. मग दहा. मग मधला कट्टा, जिथे जिना वळतो. पुलावर पोचले त्या दिवशी खालून गाडी गेली आणि सगळा पूल माझ्या पायांखाली थरथरला, आणि तो थरथरतोय हे मला माझ्या तळव्यांत लख्ख कळलं. मी आईला सांगितलं. तिनं मला पुन्हा विचारलं, कुठे कळलं, तळव्यात की गुडघ्यात? तळव्यात, मी म्हणाले. ती कठड्याला टेकून गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत तिकडेच बघत उभी राहिली. तिचा चेहरा मला दिसला नाही.

मधे उन्हाळा सुरू झाला. तो उन्हाळा पप्पांना जड गेला असणार. डांबर दुपारी नुसतं वितळायचं. कधी दुसरी पाळी लागली तर ते रस्त्याच्या कडेच्या मातीतून, सावली धरून, थांबत थांबत बसपर्यंत जायचे. चाचांनी एकदा गॅरेजमधल्या जुन्या टायरचे तुकडे दाखवून विचारलं, हे पायाला बांधलं तर ती चप्पल होते का? पप्पांनी विचार केला आणि म्हणाले, चप्पलच झाली की. चाचा म्हणाले, होय, मलाही तसंच वाटलं, आणि तुकडे परत ठेवले. त्या दोघांत देवाबद्दल यापलीकडे कधी बोलणं झालं असेल असं वाटत नाही. पण रमझानच्या महिन्यात भर दुपारी चाचा पाण्याचा थेंब न घेता इंजिनं खोलत बसायचे, तेव्हा पप्पा त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघायचे ती मला आठवते.

वैशाखात, ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून पहाटेची पहिली एसटी धरून आम्ही पुन्हा निमगावला गेलो. या वेळी पप्पा सावकाश म्हणालेसुद्धा नाहीत. ते माझ्या मागे दोन पायऱ्या अंतर ठेवून चढत होते. आई पुढे. मी पुलावरच्यासारखी मोजत होते, पण शंभरानंतर चुकले आणि मग मोजणं सोडून दिलं. पाच वेळा बसले. मागच्या वेळी बसले होते ती जागा कधी गेली मला कळलंही नाही. शेवटच्या पायऱ्यांवर माझ्यापुढे एक आजीबाई चढत होत्या, त्या मागे वळून म्हणाल्या, ये गं, दोघी जाऊ, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या आधारानं दारात पोचलो.

पप्पांनी उंबऱ्यावर डोकं टेकलं ते बराच वेळ उचललं नाही. गुरवांनी भंडारा उधळला, येळकोट झाला, माझ्या केसांत, पापण्यांवर पिवळं पिवळं झालं. मी पप्पांकडे बघत होते. ते रडतील असं मला वाटलं होतं. ते रडले नाहीत. एखादं अवघड काम नीट पार पडल्यावर माणूस हात पुसतो, तसे त्यांनी दोन्ही हात एकमेकांवर फिरवले.

बाहेर आल्यावर आईनं पिशवीतून नव्या कोऱ्या चपला काढल्या. तिनं त्या कधी घेतल्या, आम्हाला पत्ता नव्हता. पप्पांनी पाय घातला तर जाईना. आठनऊ महिन्यांत पाय पसरला होता, अंगठा बाहेरच राहत होता. पप्पा ढकलतायत, आई पट्टा ओढतेय, आणि गुरव उभे राहून हसतायत. शेवटी ते अनवाणीच उतरले आणि दुसऱ्या दिवशी आई दुकानात जाऊन दोन नंबर मोठ्या घेऊन आली.

प्रेस शॉपमधली त्यांची जागा भरली गेली होती. साहेबांनी त्यांना परत घेतलं, पण तिथे पोचायला दिवाळी उजाडली, आणि तोपर्यंत त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस त्यांचा वरिष्ठ झाला होता. शेवटपर्यंत तोच वरिष्ठ राहिला. पप्पांनी त्याबद्दल तक्रार केलेली मी ऐकली नाही. कॉलेजात असताना मीच एकदा त्यांना विचारलं, मी कधीच चालले नसते तर? ते खुर्चीत पेपर वाचत होते. म्हणाले, "मग तसाच राहिलो असतो. आपण दोघंबी." आणि पान उलटलं.

आता मी हिंजवडीत नोकरी करते, मारुंजीला राहते. थंडीत डावा पाय जरा जड होतो, एवढंच त्या आजाराचं उरलंय. आईबाबतचं सांगायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जायच्या सकाळी तिनं पप्पांना समोर बसवलं आणि सांगितलं की माझ्यासाठी नवसबिवस बोलायचा नाही. मला तुम्ही धड हवे आहात. ती म्हणाली, शब्द द्या. त्यांनी दिला.

ऑपरेशन चार तास चाललं. पप्पा बाकावर ताठ बसून होते, ओठ हलत होते. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, काही बोललात का देवाला?

"नुसतं नाव घेतोय," ते म्हणाले. "मागत न्हाई काही. तिला शब्द दिलाय."

एवढी वर्षं मला वाटायचं की नवस बोलून तो पाळणं, हे त्यांनी केलेलं सगळ्यात अवघड काम. त्या बाकावर बसलेलं त्यांना बघितल्यावर माझं मत बदललं.

गाठ साधी निघाली. तीन महिन्यांनी आईनंच विषय काढला, की एकदा खंडोबाला जाऊन येऊ. पप्पांनी तिच्याकडे पाहिलं, पण का, ते विचारलं नाही. रविवारी आम्ही गेलो. आई पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून चढत होती, दर दहा-बारा पायऱ्यांनी थांबत होती. मी मागून पाण्याची बाटली घेऊन येत होते. वर पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. गाभाऱ्यात आताचे गुरव तरुण होते, आम्हाला ओळखत नव्हते. त्यांनी आईच्या ओंजळीत भंडारा देत विचारलं, मावशी, नवस फेडायला आलात का?

आईनं पप्पांकडे एकदा पाहिलं. म्हणाली, "नाही हो. सहज आलोय."